नलू, नंबर आला का?

नाई नाई, थांबा मुकेशभाऊ — तो मोबाईल नंबर नोका बदलवू. बाकी काय बदलवाचं ते बदलवा. डब्बा बदलवा, पडदा बदलवा, माऊस बदलवा, टेबलाखालच्या वायरी ओढून फेका — मी हू का चू करनार नाई. पन तो नंबर राहू द्या तसाच. हो, शेवटी शून्य-सात. माहा नोहे तो, मले मालूम आहे. चंदनचा आहे — माह्या पोराचा. बाहेर पाटी पाह्यली ना, ‘चंदन ऑनलाईन सेंटर’? तोच चंदन. तुमी वर्ध्याहून आले, तुमाले काय मालूम — इथं सेलूत कोनालेबी विचारा, हेमराज म्हनलं तर दोन घडी डोकं खाजवतीन, चंदनचे बाबा म्हनलं का लगेच बोट दाखवतीन. काय म्हनलं? चंदन? नाई, इथं नसते तो. पुन्याले? नाई... पुन्याले नाई. फोन घरीच राह्यते त्याचा, त्याची माय पाहाते. बसा ना तुमी. चहा सांगतला आहे, अद्रक टाकून. चहा प्या, मंग करा काय कराचं ते.

नवीन आहे भाऊ, चांगला आहे, मी नाव नाई ठेवून राह्यलो. केवढासा डब्बा आहे, आवाजबी नाई. आमचा जुना चालू केला का पंखा असा गुरगुरे का बाहेरच्या लोकाइले समजे, दुकान उघडलं म्हनून. आता त्याले नवीन विंडोज चढत नाई म्हन्ता तर नाई चढत — मघाशी सांगतलं ना तुमी, आतमंधी कोनती तरी चिप नाई म्हनून. आन जुन्याची देखभाल कंपनीनं सोडली. मले मालूमच होतं. किती दिवसापासून वर पिवळी पट्टी येत होती — तुमचा कॉम्प्युटर जुना झाला, तुमचा कॉम्प्युटर जुना झाला. मी फुली मारून बंद करो, थे पुन्हा ये. मी म्हनलं, बापा, मीबी जुना झालो, मी कोनाच्या डोळ्यापुढं पट्टी घेऊन येतो का? चालू दे दोघाइचं. पन सोमवारी सरकारचं पोर्टलच उघडेना. वरून साफ सांगून देते का या कॉम्प्युटरवर चालनार नाई. आन महिना कोनता, नोव्हेंबर. बाहेर बाकड्यावर पाहा — सारे पेन्शनवाले. जिवंत असल्याचा दाखला पायजे, तो गेल्याशिवाय पेन्शन निंघत नाई. थे काठीवाले आहे ना, थे नत्थूजी, एसटीत कंडक्टर होते. रोज येते, रोज परत जाते. काल मले म्हन्ते, हेमराज, मी जिवंत आहो का नाई थे एकदा सांगून टाक, म्हनजे घरी जाऊन तसं वागतो. हासले सारे. मीबी हासलो. पन सत्तरीच्या मानसाले किती हेलपाटे घालवाचे, सांगा बरं.

जुन्याचा पासवर्ड? हो, लावा लावा — दोन दोन एक एक नऊ आठ. चंदननंच ठेवलेला. बावीस नोव्हेंबर अठ्ठ्यान्नव, त्याची जन्मतारीख. साऱ्याले तोच. वायफायले तोच, माह्या मोबाईलले तोच, बँकेच्या त्या ॲपले तोच. मले दुसरा आकडा पाठच होत नाई भाऊ. पोट्टा हासे मले — म्हने, बाबा, चोराले पहिल्याच फटक्यात सापडन. मी म्हनो, सापडू दे, माह्या पोराची जन्मतारीख मालूम असनारा चोर म्हनजे घरचाच मानूस, त्यालेबी चहा पाजू. आता तर माहे बोटं आपोआप जाते तिकडं. काई टाक म्हनलं का थेच टाकते.

नाई, जुना नेत असान तर न्या तुमी. खरंच न्या. तुमाले वाटून राह्यलं असन का मानूस या डब्ब्यासाठी जीव टाकून राह्यला. साऱ्याइलेच वाटते. चंदननं आपल्या हातानं जोडलेला आहे, बरोबर आहे — नागपूरहून एकेक सामान आनलं, इथं जमिनीवर सतरंजी टाकून बसला, आन दिवसभर कोनाले हात लावू देला नाई. हे पाहा, या बाजूनं हळदी-कुंकवाचे टिपके — दर दसऱ्याले त्याची माय ये, पूजा करे, झेंडूचं फूल त्या सीडीच्या खाचीत खोचे. एका वर्षी पाकळी आत गेली आन सीडीच बाहेर येईना. पोट्टा केवढा चिडला! हे सारं खरं आहे. पन डब्बा म्हनजे डब्बा, भाऊ. लोखंड आहे. मी त्याच्यासाठी नाई रडत. न्या तुमी, मोडा, काय कराचं थे करा. माहं म्हननं फक्त नंबराचं आहे.

काऊन म्हनजे? आता काय सांगू. सकाळी दुकान उघडलं का पोर्टल सहा आकडे पाठवते ना मोबाईलवर, थे इथं टाकले का मंग काम सुरू — बरोबर? थे आकडे त्या नंबरावर जाते. दुकान सुरू केलं तवा माह्यापाशी साधा बटनाचा मोबाईल होता, म्हनून चंदननं साऱ्या ठिकानी त्याचाच नंबर देला. तर फोन घरी, आन दुकान इथं. मंग मी घरी फोन लावतो. म्हनतो, नलू, नंबर आला का? थे सांगते, मी टाकतो. बस. एवढंच आहे. एवढंच आहे भाऊ, याच्यात काय सांगन्यासारखं आहे — तुमी करा तुमचं काम.

नाई, तसा फोन दुकानात आनता येते. येते ना, काऊन नाई येनार. खिशात टाकला का झालं. तुमी बरोबर बोलून राह्यले. पन थे देनार नाई. आन मी मांगनार नाई.

मुकेशभाऊ, पोट्टा नाई आता. तीन वर्षं झाले या जानेवारीत. वर्ध्याहून येत होता, पवनारच्या अलीकडं रस्त्यावर कापसाची ट्रॉली उभी होती, अंधार पडत होता, मांगं लाल दिवा नाई, काई नाई. गाडीवर होता. फोन शर्टाच्या खिशात होता — त्याले एक ओरखडा नाई. काचबी फुटली नाई. मले थे अजून समजलं नाई का काचेले काई नाई झालं आन पोराले झालं. फोटो लावत नाई मी दुकानात, हार घालत नाई. त्याच्या मायनं सांगतलं, पाटीवर नाव आहे थे आहे, हार घातला तर मी येऊन तोडून टाकीन. म्हनून तुमाले समजलं नाई. तुमची काई चुकी नाई. चहा प्या, थंडा होऊन राह्यला.

थे बोललीच नाई. नलू. रडली असती तर बरं झालं असतं, पन ना रडली ना बोलली. बायका आल्या, हलवलं, पानी पाजलं, तिची बहीन अंकिता दहा दिवस बसून होती तिच्यापाशी — पन शब्द नाई. भिताडाकडं पाहात राहे. सेवाग्रामले नेलं, डॉक्टरनं गोळ्या देल्या, म्हने वेळ लागन. तेरवी झाली, पाहुने गेले, घरात आमी दोघं. मी काय करू? मले घरात बसवत नोतं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं — नुसतं उघडलं, झाडून घेतलं, आन सवयीनं कॉम्प्युटर लावला. तर त्यानं मांगतले सहा आकडे. तवा माह्या ध्यानात आलं का आकडे त्याच्या फोनवर गेले असतीन. फोन कुठं होता, मले मालूम नोतं. कोनी चार्ज करून ठेवला तेबी मालूम नोतं. मी घरी फोन लावला, म्हनलं उचलनार नाई. उचलला. मी म्हनलं, नलू, चंदनच्या मोबाईलवर नंबर आला का? तिकडून काई नाई. मी म्हनलं, राहू दे, मी ठेवतो. तर तिकडून आवाज आला — सात.

सात. मंग शून्य. मंग एकेक. जशी लहान पोरगी पाटीवरचं वाचते ना, तसं. तेरवीपर्यंत एक शब्द नाई आन पहिला शब्द सात. मी टाकलेच नाई थे आकडे. टाकता आलेच नाई, दिसतच नोतं मले काई. वेळ संपली त्याची. मंग पुन्हा पाठव म्हनलं कॉम्प्युटरले, पुन्हा फोन लावला, पुन्हा तिनं सांगतले.

तवापासून रोज. काम झालं तिचं थे. मी दुकानात पोचाच्या आत आंघोळ करते, केस विंचरते, फोन चार्जिंगवरून काढून पदरानं पुसते, चष्मा लावून दारातल्या खुर्चीवर बसते. कोनी हाक मारली तर म्हन्ते, थांबा, दुकानातून फोन येनार आहे. महिना संपाच्या आत रिचार्ज करून घेते, मले बाजारात पाठवते — मी दुकानात दिवसभर लोकाइचे रिचार्ज करतो, पन त्याचा मात्र दुसऱ्याच्या दुकानातून कराचा, असं तिचं काई तरी आहे. मी विचारत नाई. घरी आमी बोलत नाई भाऊ, खरं सांगतो. भांडन नाई काई. थे वाढते, मी जेवतो, टीव्ही चालू राह्यते. दोघाइलेबी मालूम आहे का तोंड उघडलं तर काय निंघन, म्हनून कोनी उघडत नाई. जे बोलाचं थे या सहा आकड्यात. मले आवाजावरून समजते — झोप लागली का नाई, रडून झालं का, गुडघा दुखून राह्यला का. एकदा आकडे सांगून झाले आन फोन ठेवाच्या पहिले म्हन्ते, थंडी आहे, स्वेटर काऊन नाई नेला? बस, एवढंच. पन मी त्या दिवशी गिऱ्हाइकासमोर रुमाल तोंडाले लावून बसलो, त्याले वाटलं दाढ दुखते.

कधी कधी मी मुद्दाम चुकीचे टाकतो. हासा, हासा. सातच्या जागी आठ टाकतो, मंग पोर्टल पुन्हा पाठवते, मंग मी पुन्हा फोन लावतो. थे म्हन्ते, चष्मा बदला तुमी. एकदा लोभात तीनदा चुकवलं तर पोर्टलनं दिवसभरासाठी दारच लावून घेतलं. लोकं शिव्या देऊन गेले. मी म्हनलं सर्व्हर बंद आहे. सर्व्हर म्हनलं का कोनी पुढचं विचारत नाई.

आता समजलं का, सोमवारपासून काय झालं? पोर्टल उघडेना, तर आकडेबी नाई. सोमवारी मी फोनच नाई लावला, तर तिचाच आला — नंबर नाई आला. मी म्हनलं कॉम्प्युटर बिमार आहे. मंगळवारी पुन्हा आला. बुधवारी नाई आला. मी जेवाले घरी गेलो तर खुर्ची रिकामी, आन थे आत, भिताडाकडं तोंड करून. केस तसेच. मी ताट वाढून घेतलं, तिच्यापुढं ठेवलं, उचलून पुन्हा झाकलं. मले इतकं भेव वाटलं मुकेशभाऊ, तेवढं तर त्या दिवशीबी नोतं वाटलं. त्या दिवशी काई समजतच नोतं ना. काल रात्री मी तुमाले फोन केला आन तिले सांगतलं, नलू, उद्या नवीन कॉम्प्युटर येऊन राह्यला, उद्या नंबर येईन, तयार राह्य. आज सकाळी निंघतानी पाह्यलं — आंघोळ झालेली. खुर्चीवर बसलेली. फोन मांडीवर. आतालेबी बसूनच असन. म्हनून म्हन्तो, तो नंबर राहू द्या.

नाई घेत म्हनजे? टाकून तर पाहा एकदा. ... पाह्यलं. लाल. पुन्हा टाका, शून्य-सात, नीट टाका. ... हो. दिसलं मले. मले वाचता येते भाऊ. ज्याचं आधार त्याचाच मोबाईल — नवीन कॉम्प्युटर जोडतानी दुसऱ्याचा चालत नाई. आन त्याचं आधार... हो ना. त्याचं तर आमीच बंद करून आलो. मंग माहा नंबर टाकाचा. आन माह्या मोबाईलवर तरी येतीन का आकडे? नाई? बोट? रोज नुसतं बोट लावाचं, आकडे येनारच नाई? कोनालेच नाई?

सोय झाली मंग. नाई, खरंच सोय झाली. तुमी चांगलंच करून राह्यले.

थांबा जरा. बसू द्या मले. ... जुनाच ठेवला तर? नाई ना, त्याच्यावर तर उघडतच नाई. तो ठेवला तरी आकडे नाई, हा लावला तरी आकडे नाई. म्हनजे काईबी केलं तरी संपलंच. आन तिकडं नत्थूजी खोकलून राह्यले — ऐकू येते मले, मुद्दाम खोकलते थे, म्हाताऱ्याइची घंटी असते ती. आलो नत्थूजी! होऊन राह्यलं! दहा मिनिटं!

आना थे यंत्र. कोनतं बोट? हे? ... पुसून घेतो, घाम आहे. ... झालं? हिरवं झालं म्हनजे झालं? एवढंच? एवढ्यातच त्याचा नंबर निंघून माहा लागला? आवाजबी नाई झाला काई. तुमचं नवीन मशीन लय शांत आहे, भाऊ. खांदा देला ना त्याले, तवा लोकं तरी होते संगं.

मुकेशभाऊ, एक काम करा माहं. तुमचा मोबाईल द्या जरा. तुमच्या नंबरावरून एक मेसेज पाठवाचा आहे. माह्यावरून नाई चालत, माहं नाव दिसते तिच्या समोर. तुमचा कसा, अनोळखी, नुसता नंबर — तिले वाटन सरकारचाच आहे, नवीन कॉम्प्युटर म्हनून नवीन नंबरावरून आला. तसं नोका पाहू माह्याकडं. उद्याचं उद्या पाहू, एक नवीन सिम घेईन, काई करीन. आजचं होऊ द्या. मजकूर काई नाई टाकाचा, नुसते सहा आकडे. कोनतेबी. द्या इकडं, मीच टाकतो — तुमी त्याच्या नंबरावर पाठवा फक्त, शून्य-सात. ... हं. टाकले. पाठवा. गेला? दोन बरोबरच्या खुना आल्या? म्हनजे तिकडं वाजला. आता मांडीवर वाजला तो.

आता आवाज नोका करू. मी बोटं ठेवतो इथं कीबोर्डवर, आवाज जाते तिले खटखटचा, तिले सवय आहे. ...

हॅलो. नलू, नंबर आला का? ... आला ना! म्हनलं होतं ना मी, येते म्हनून. ... हो, नवीनच आहे, चांगला आहे. ... हो, लांब नंबरावरून आला असन, आता तसाच येते. सांग. हळूहळू सांग, मी टाकून राह्यलो. ... दोन. हो. ... दोन. टाकला. ... एक. ... एक. ... नऊ —

अरे देवा. बोटं तिकडंच गेले माहे.

नलू? ... नाई, टाकला मी नऊ. ... नलू, राहू दे आता, नोको सांगू पुढचा, झालं उघडलं इकडं, झालं काम. ... नलू, ऐकून राह्यली ना? ...

काय? ...

कोनी पाठवला म्हन्ते? ... चंदननं? ...

मुकेशभाऊ, तुमी जा आता. डब्बा घेऊन जा तो. नत्थूजीले म्हना, थोडं थांबा. दार लोटून घेजा.